पांढरा रस्सा

मेव्हण्यानं मला फसवलं. खसखस-खोबऱ्याचा वास आला की अजून मान खाली जाते. ‘दाजी, पोरीला घेऊन जेवायला या,’ म्हणून त्यानं आम्हाला अनगोळातल्या खानावळीत बोलावलं. पांढरा रस्सा पाण्यासारखा लागला, तसा मी मालकावर ओरडलो, ‘अण्णा, बकरं नुसतं रश्श्यातनं फिरवून काढलंय व्हय? अर्धंच बिल देणार!’ सगळी खानावळ हसली. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब मात्र हसलं नाही. ताटं तशीच ठेवून उठलं. ती माणसं पोरीला बघायला आलती, हे मेव्हण्यानं ते गेल्यावर सांगितलं. पोरगी भात चिवडत म्हणाली, ‘आप्पा, मला पसंत होता तो.’ म्हणजे तिलाही माहीत होतं. आज तिचा संसार दुसरीकडे आहे, पण मला एकट्यालाच का सांगितलं नाही, याचं उत्तर मेव्हण्यानं तिच्यासमोर द्यावं.