विहिरीच्या श्वासाचा पाइप

आमच्या घरातली सगळ्यात गार खोली कोपऱ्यातली. वर्धेच्या उन्हाळ्यात कूलर पाणी पिऊन पिऊन थकतो, पण त्या खोलीची फरशी मे महिन्यातही तळव्याला थंड लागायची. आईच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन सावंगीच्या दवाखान्यात झालं. तिला घरी आणलं तेव्हा भावाने तिचा पलंग तिथेच लावला. "आईले गारवा पाह्यजे," म्हणाला. खोली गार का, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. खाली विहीर होती.

म्हणजे बुजवलेली. बाबांनी घर बांधलं तेव्हा ती परसात उघडी होती. घराचा पाया मात्र त्यांनी काळी माती काढून, खालचा मुरूम लागेपर्यंत खणला होता, कारण आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पुढे बाबा गेले, नळ आला, भावाचं लग्न झालं, जागा कमी पडायला लागली. त्याने जुन्या न्हाणीघराचा मलबा, फुटक्या विटा, रेती, जे हाताला लागलं ते विहिरीत लोटलं आणि वर ही खोली चढवली. रीत मात्र एकही सोडली नाही. विहीर बुजवायची तर तिची ओटी भरायची, नारळ फोडायचा आणि तिचा श्वास कोंडू नये म्हणून एक पाइप उभा ठेवायचा. आमचा पाइप भिंतीबाहेर तुळशीजवळ निघाला होता. आई रोज त्यात तांब्याभर पाणी ओतायची. भावाने तर गच्चीवरचं सगळं पावसाचं पाणी त्यातच सोडलं होतं. आल्यागेल्याला तो कौतुकाने दाखवायचा, "विहिरीचं पानी विहिरीले." मी शाळेत शिकवते, जिथेतिथे चुका काढायची मला खोड आहे आणि जीभही तिखट आहे. पण यात मला कधी काही खटकलं नाही. चांगलंच वाटायचं.

त्या सकाळी मी तुळशीपाशी कपडे वाळत घालत होते. आधी घरघर आली. मालगाडी चालली असेल म्हणून मी लक्षही दिलं नाही. मग दोरीवरचे कपडे हलायला लागले. वारा तर नव्हता. पायाखालून कोणी चटई ओढावी तसं झालं आणि मी तुळशीचा कठडा धरला. तेवढ्यात पाइपातून बुडबुड आवाज करत गढूळ पाणी वर आलं. त्यात रेती होती, विटांचा लाल चुरा होता. त्या पाइपात पाणी जाताना मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. येताना पाहिलं ते पहिल्यांदा. भूकंप आहे हे कळायलाही वेळ लागला, कारण आमच्यासाठी भूकंप म्हणजे टीव्हीवर दुसऱ्यांच्या गावात होणारी गोष्ट.

धरणी थांबली. घर थांबलं नाही. खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली पायापर्यंत भिंतीला तिरपी चीर गेली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत ती रुंद होत होती. आतून आईचा आवाज आला, "काय होऊन राह्यलं बाई?"

मी धावत आत गेले. भाऊ आधीच दाराशी पोचला होता. दार उघडेना. कोपरा खचला होता, चौकट वाकडी झाली होती आणि दार तिच्यात आवळून बसलं होतं. भाऊ लाथा घालायला लागला. दर लाथेला वरून पोपडे पडत होते.

"लाथा नको मारू, भिंत येईन तिच्या अंगावर," मी त्याचा दंड धरून मागे ओढला.

"मंग काय करू? तू सांग ना."

मला काय माहीत? मी भूगोल शिकवते. भूकंपलहरींची आकृती फळ्यावर काढून देते. आई आत होती, पाय टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेली, आणि माझ्या डोक्यात ती आकृती सोडून काही येईना.

वहिनी म्हणाली, "खिडकी." पण खिडकीला चोरांच्या भीतीने भावाने जाड गजांची जाळी बसवलेली. शेजारच्या काकांचं वेल्डिंगचं दुकान. ते कटर घेऊन आले, वीज त्यांच्याच घरातून ओढली. त्यांचं घर आमच्याहून जुनं, मातीत बांधलेल्या विटांचं. त्यांच्या फळीवरचा एक कपही पडला नव्हता. एक गल्ली, एक भिंत मध्ये, धक्का तोच. मला तर ते तेव्हा अन्यायासारखं वाटलं, राग आला त्या कपांचा.

जाळी कापली. भाऊ आणि वहिनी आत उतरले, आईला चादरीत घेतलं आणि आम्ही बाहेरून झेललं. "हळू घ्या ना, पोतं हाय का मी," ती म्हणाली. तिला काकांच्या ओसरीवर खुर्चीत बसवलं.

दुपारी नगरपालिकेचे इंजिनिअर आले. त्यांनी चीर पाहिली, पाइप पाहिला आणि आम्हाला अंगणातूनही बाहेर काढलं. म्हणाले, गव्हाचा डबा हलवला की गहू खाली बसतात, तसाच हलला की भराव बसतो. त्यात हा भराव पाण्याने भिजलेला, हादऱ्यात पाणी वर निघालं आणि माल खाली गेला. बाकीचं घर मुरुमावर होतं, ते जागचं हललं नाही.

"आमी चांगला दाबून भरला होता," भाऊ म्हणाला.

"कशाने दाबला?"

"पाय देऊन."

इंजिनिअरांनी वही मिटली.

ते काकांच्या फाटकापर्यंत गेले असतील, तोच आमच्या घरातून धाडकन आवाज झाला आणि खिडकीतून धूळ बाहेर आली. धूळ बसल्यावर मी मधल्या भिंतीवर चढून कापलेल्या खिडकीतून पाहिलं, फरशी नव्हती. बाबांच्या वेळचा विहिरीचा दगडी घेर दिसत होता, एक दगड न हललेला. त्यात आईचा पलंग उभा अडकला होता.

"काय पडलं वो?" आईने ओसरीवरून विचारलं. तिला दिसत नव्हतं. चष्मा उशीखालीच राहिला होता.

"तुझा पलंग," मी म्हटलं.

तिने डोळ्यांपाशी हात नेला. मग हळूच म्हणाली, "आन् माहा चष्मा?"

भावाचा चेहरा मला बघवेना. सकाळपासून तो कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. "आनतो मी," म्हणाला आणि निघाला, सरळ त्या खिडकीकडे. आम्ही हाका मारल्या. त्याने ऐकलं नाही. त्याला काहीतरी आणून द्यायचंच होतं.

"माघारी ये."

आवाज आईचा होता. आम्ही वळून पाहिलं. ती उभी होती. खांब धरून, ऑपरेशनच्या पायावर भार देऊन, थरथरत.

"चष्मा दुकानात भेटते," ती म्हणाली. "तू कोन्या दुकानात भेटशीन?"