धंदा म्हणजे मासळी
फिनेलचा वास आला की मी अजून पाऊल मागं घेते. त्या दुपारी बोईसरच्या एका लॉजच्या पायऱ्या अशाच फिनेलनं पुसलेल्या, मी आचाऱ्याला सुके बोंबील देऊन पाटी घेऊन निघाले तर दारात पोलिसांची गाडी, आत तीन-चार बाया, तोंडावर ओढण्या. बाई पोलिसानं मला अडवलं, "काय करतेस गं तू?" मी बोलले, "धंदा करते." आमच्या दांडी गावात मासळी विकायला धंदाच बोलतात. "कुठं?" मी बोलले, "नाक्यावर बसते, गिऱ्हाईकानं बोलावलं तर इथं येते." तिचा साहेब हसला, "घ्या, सोताच कबूल करते," आनी मोबाईलवर माजा फोटो काढला. तवा मला कळलं, हे मला गाडीत घालतायत. पोर घरी सासूकडं, अंगावर पिणारं, माजं पोलकं दुधानं भिजलेलं. मी पाटी तितंच उलटी केली, बोंबलांचा चुरा बाईच्या बुटांवर पडला. "मासळीचा धंदा ओ बाई, मासळीचा." तिनं नाक दाबलं, "कोळीण हाय साहेब, सोडा." गाडीतली एक मगापासून बोलत होती, "साब, मैं तो पोछा मारती हूँ," तिच्या हातांना फिनेलचा वास येत होता, पन तिच्याकडं उलटी करायला पाटी नव्हती. फोटो पुसा बोलले तर साहेब बोलला, "बघू." आता कोणी विचारलं तर मी मासळी विकते बोलते, धंदा बोलत नाय, आनी बाजारात कोणी मोबाईल वर केला की पदर तोंडावर घेते, कारन त्या फोटोखाली त्यांनी काय लिवलंय ते मला कोणी सांगितलेलं नाय.