दर्शनाची भरतीची वही

बाईंनी माझ्या मुलीची वही सगळ्या पालकांसमोर उंच धरली. म्हणाल्या, “ही नक्कल आहे. चौथीतच चोरी शिकली.”

दर्शना माझा हात धरून उभी होती.

दिवाळीच्या सुट्टीत उपक्रम दिला होता. घराजवळची एक गोष्ट आठ दिवस बघायची, काय कळलं ते लिहायचं. आम्ही नायगावला खाडीच्या कडेला राहतो. दर्शनाने भरती बघितली. बांधाच्या पायरीवर बसायची. पाणी चढायचं थांबलं की धावत घरी, घड्याळ बघून वहीत वेळ लिहायची. चौथ्या दिवशी ओरडतच आली, “आये, पानी रोज उशिरा येतं! पाऊण तास उशिरा!” आमच्या खाडीवरच्या माणसांना हे अंगातच माहीत असतं. पण घड्याळ लावून शोधलं ते तिने. कुणी न सांगता.

मी समोरच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करायची. तिथल्या वहिनींचा विहान दर्शनाच्याच वर्गात. तो फी भरून, ही गरिबांसाठीच्या राखीव जागेवर. सुट्टी संपत आली तेव्हा वहिनी म्हणाल्या, “विहानचं काहीच झालं नाही हो. वही जरा आणा, कसं लिहायचं ते बघू दे.”

मी नेऊन दिली. मीच.

आता पालकसभेत विहानचे छापलेले रंगीत कागद भिंतीवर होते. तेच आकडे. मंगळवारी दर्शनाला ताप होता, तिने ती ओळ रिकामी सोडली होती. विहानच्या कागदावरही मंगळवार रिकामा.

बाईंनी वहिनींना विचारलं, “मॅडम, तुम्हाला काही म्हणायचंय?” वहिनी मोबाइलमध्ये बघत राहिल्या. मग बाई माझ्याकडे वळल्या. “आणि तुला गं?”

त्यांना तुम्ही. मला तू.

“आये, सांग ना,” दर्शना म्हणाली.

नवरा अंथरुणावर. घर चालतं ते वहिनींच्या कामावर. मी म्हटलं, “मला नाय माहीत.”

तिने माझा हात सोडला.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून बसली. म्हटलं, जा की बांधावर. “मी आता काय बघनार नाय. बघून काय होतं?” नऊ वर्षांची पोर. बाईंनी तिला चोर ठरवलं, पण तिचे डोळे मीच मिटले होते.

कामावर गेले. वहिनींनी ओट्यावर रंगीत पेन्सिलींचा डबा ठेवला. “दर्शनाला द्या. तुम्ही गप्प राहिलात, बरं केलंत. लहान मुलं काय, विसरतात.”

डबा सुंदर होता. माझा हात पुढे गेलासुद्धा. तिथेच मला माझी शिसारी आली.

“वहिनी, वही तिची हाय. तुमाला माहीत हाय, मला माहीत हाय. मी शाळेत सांगनार.”

“मग उद्यापासून येऊ नका.”

हात धुतले. भांडी तशीच टाकून सरळ शाळेत.

बाई म्हणाल्या, “झालं ते झालं. कशाला वाढवतेस?” म्हणून मुख्याध्यापिकांना अर्ज लिहिला. मी सातवी शिकलेली. तीन कागद फाडले, चौथा दिला. त्यात विहानचंही लिहिलं, माझ्या गप्प बसण्याचंही.

आठवडा झाला. टॉवरमध्ये बातमी फिरली, कुणी काम देत नाही. दर्शना माझ्याशी कामापुरतं बोलते. बांधावर जात नाही.

काल मुख्याध्यापिकांनी बोलावलं. खुर्ची दिली. आवाज गोड. “अर्ज मागे घ्या. मुलीला अजून इथे शिकायचंय ना?”

भीती वाटते, खोटं कशाला सांगू? नाव काढलं तर कुठे नेऊ तिला?

म्हटलं, “शिकायचंय. म्हनून तर मागं घेनार नाय.”