कपाळावरचा चष्मा

सेराफिना टीचर भांडुपच्या जुन्या गावठाणातल्या. त्यांच्या बापाची भातखाचरं होती, तिथे आता उंच इमारती उभ्या आहेत. खाचरं गेली, पण घराण्याची सबुरी टीचरांच्या अंगात राहिली. पेरलेलं उगवेपर्यंत बांधावर बसून राहावं, तसं त्यांनी उभं आयुष्य सातवीच्या पोरांना गणित शिकवलं.

त्यांची रीत वेगळी होती. फळ्यावर गणित मांडायचं, खडू एखाद्या पोराच्या हाती द्यायचा आणि स्वतः बाकावर जाऊन बसायचं. चष्मा कपाळावर सरकवायचा. "आता मी ढ. समजाव मला."

मग त्या नेमकी तीच शंका विचारत, जी एखाद्या अबोल पोराच्या घशात अडकलेली असे. खुद्द टीचरच विचारतात म्हटल्यावर त्याची लाज गळून पडे. गंधाली अशीच मुखदुर्बळ पोर. टीचरांना समजावता समजावता ती बोलायला लागली.

यंदा दिवाळीनंतर काहीतरी बिनसलं. तपासलेल्या पेपरांतल्या गुणांच्या बेरजा चुकू लागल्या. मुख्याध्यापिका रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "टीचर, उद्या मी तुमच्या तासाला बसते. झेपत नसेल तर सातवी दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल." पोरांच्या कानावर ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी रत्नप्रभाबाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. फळ्यावर गणित होतं, पाऊण भागिले अर्धा. देवेशने भराभर सोडवलं. "दीड, टीचर."

"पण भागल्यावर वाढलं कसं रे?"

त्याने सांगितलं. टीचरांनी पुन्हा तेच विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. त्यांनी परत तेच विचारलं.

"टीचर, ओव्हरअ‍ॅक्टिंग होतेय हां!" देवेश म्हणाला.

वर्ग खिदळला. मागे रत्नप्रभाबाईही हसल्या.

गंधाली मात्र हसली नाही. चष्मा आज कपाळावर नव्हता, डोळ्यांवर होता. आपल्याच गावात वाट चुकलेल्या माणसासारख्या टीचर फळ्याकडे बघत होत्या.

ती उठली. देवेशच्या हातून तिने खडू काढून घेतला. "याला नीट सांगता येत नाही, टीचर. फळा सोडा, माझ्याकडे बघा. पाऊण लिटर दूध आहे. माप अर्ध्या लिटरचं. एकदा भरलं. उरलं किती?"

"पाव," टीचर हळूच म्हणाल्या.

"त्या पावाने माप किती भरेल?"

टीचरांनी बोटांनी हवेत माप धरून पाहिलं. आता कुणी हसत नव्हतं.

"अर्धं."

"मग सगळी मिळून मापं किती झाली?"

"दीड!" टीचरांच्या चेहऱ्यावर उजेड पडला, सातवीतल्या पोराच्या चेहऱ्यावर पडतो तसा.

तास सुटल्यावर रत्नप्रभाबाई जवळ आल्या. "किती मोकळी बोलतात हो पोरं तुमच्याशी! सातवी तुमच्याकडेच राहू दे."

टीचरांनी चष्मा काढून पदराने पुसला. "नको, बाई. आज ते नाटक नव्हतं. मला खरंच येत नव्हतं."

गंधाली दारातच घुटमळत होती. "टीचर, मी रोज समजावीन ना. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"म्हणूनच नको गं," टीचर म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सोमवारी नवे सर आले. त्यांनी गणित घातलं. गंधालीने उभं राहून उत्तर सांगितलं.

"बरोबर. बस," सर म्हणाले.

ती उभीच राहिली, कसं आलं ते कुणीतरी विचारेल म्हणून. सर पाठमोरे होऊन पुढचं गणित लिहीत होते.