तीन संत्र्यांवरून निकाल

जी संकटं अजून आलेलीच नाहीत, ती सगळी आधी माझ्या मामाजींकडे हजेरी लावून जातात. मी एकदा फोन उचलला नाही की माझा अपघात झालेला असतो, दोनदा उचलला नाही की मी दवाखान्यात असतो आणि तिसऱ्यांदा उचलला की तेच चिडतात, "जिवंत हायेस ना बावा? मंग काहून उचलत नव्हता?" माणूस आंघोळीलाही जातो, हे त्यांना आजवर पटलेलं नाही.

याचं मूळ नागपूरच्या कळमना बाजारात आहे. पस्तीस वर्षं मामाजी तिथे एका अडत्याकडे संत्र्यांच्या हर्रासाला, म्हणजे लिलावाला, उभे राहायचे. ढिगापाशी वाकायचं, तीन संत्री उचलायची, एक दाबायचं, एक हुंगायचं, एक सोलून फोड तोंडात टाकायची आणि अख्ख्या ढिगाचा निकाल सांगायचा. तो निकाल बहुतेक वेळा बरोबर निघायचा, हीच तर सगळी पंचाईत! माणूस घरीही तेच करायला लागला. शेजारच्या भाडेकरूनं दोनदा गाडी आडवी लावली, एकदा नमस्कार केला नाही, झालं, "आतून सडेल हाय तो." तोच बिचारा टाकी वाहतेय म्हणून धावत सांगायला आला, तर म्हणे, "याचा काहीतरी मतलब दिसते." माझ्या वरातीत ढोल फाटला होता, तर पुढची दोन वर्षं ते माझ्या बायकोला हळूच विचारायचे, "सगळं बरं हाय ना वं पोरी?" मामीला पाहायला गेले तेव्हाही त्यांनी तीनच गोष्टी पाहिल्या म्हणे: बोलते कमी, चालते ताठ आणि चहा गोड करते. तिथल्या तिथे होकार देऊन मोकळे.

गेल्या उन्हाळ्यात मामीच्या गळ्याशी गाठ आली. डॉक्टरांनी सुई टोचून तपासायला पाठवलं आणि आठ दिवसांनी या म्हणाले. महाल भागातल्या त्यांच्या घरी मी गेलो, तर मामाजींनी मला जिन्यातच गाठलं. आवाज खोल गेलेला. "डॉक्टरनं बोलता बोलता चष्मा काढला. नर्सनं आपली खुर्ची देल्ली तिले. अन् पुढच्या वेळी घरचं आणखीन कोणी सोबत आणा म्हणे. तीन पाह्यले गा म्या. ढीग गेला."

एरवी मी हसलो असतो. पण त्या दिवशी मीही ते तीन मनातल्या मनात मोजून पाहिले. ते आठ दिवस देवानं वैऱ्यालाही दाखवू नयेत. मामाजींचं जेवण सुटलं. जन्मात गॅस न पेटवलेला हा माणूस सकाळ-संध्याकाळ चहा करायला लागला, का तर तिला त्रास नको. दूध उतू जायचं, गाळणं सापडायचं नाही, आणि मामी दारात उभी राहून म्हणायची, "सरका तिकडं, घर पेटवान तुम्ही."

रिपोर्टच्या दिवशी मी स्कूटर घेऊन गेलो, तर मामाजी उठेचनात. "मले मालूम हाय त्यात काय हाय." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मामाजी, पस्तीस वर्षांत एकदाही चुकले नाही का तुम्ही?"

ते म्हणाले, "एक डाव चुकलो. एका बाईचा ढीग होता. वरचे तीन सुकेल निंगाले, म्या फेकाऊ म्हटलं. ती बाई कंबरेवर हात ठेवून मले म्हणे, ढीग उलटवून पाहा, मंगच तोंड उघडा."

"मग?"

"उलटवला. असा माल त्या हंगामात कोणाचा नव्हता."

"मग चला, हाही उलटवू," मी म्हटलं. त्यांनी चपला घातल्या. मामीला घरीच ठेवून, रिपोर्ट ऐकायला आम्ही दोघंच निघालो.

पहिल्या सिग्नलला मागून आवाज आला, "चष्मा काहून काढला असंन गा?" मी म्हटलं, "उन्हाळा आहे, घाम आला असेल." दुसऱ्या सिग्नलला ते स्वतःच म्हणाले, "सुई टोचल्यावर तिले चक्कर आली होती. खुर्ची म्हणून देल्ली असंन. अन् सोबत कोणी आणा, तेही म्हणूनच." मी हो म्हटलं. पण माझा खांदा त्यांनी सोडला नाही, आणि माझी स्थिती अशी की मी दवाखान्याचं वळणच चुकलो.

गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी तसं दोनदा सांगितलं. मामाजींनी तिसऱ्यांदा वदवून घेतलं आणि मग बाकावर बसून लहान पोरासारखे रडले.

घरी आल्यावर त्यांनी पहिला चहा मामीपुढे ठेवला. तिनं घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "आता भेव नाही ना? मंग सांगतो. आठ दिवस झाले साखर घालून राहिले तुम्ही. मी बिनसाखरेचा पेतो."

"कधीपासून वं?"

"बारा वर्षं झाले."

मामाजी कपाकडे पाहत राहिले. मला सोडायला दारापर्यंत आले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "चाळीस वर्षं झाले गा. त्या तीन गोष्टींच्या खाली म्या कधी हात घातलाच नाही." मी चपला शोधत राहिलो.

मग आत वळून त्यांनी विचारलं, "आणखीन काय काय हाय वं, जे मले मालूम नाही?"

मामीनं पदरानं कप धरला, त्यांच्यासाठी जागा केली आणि म्हणाली, "बसा मंग. वेळ लागन."