दाजींचं शीड

माझ्या बहिणीचा नवरा हौस म्हणून शिडाची होडी चालवतो, हे सुरतेजवळच्या पलसाण्याच्या मिलमध्ये पहिली दोन वर्षं मी कुणाला कळू दिलं नव्हतं. सांगणार तरी काय? हेमराजदाजी म्हणजे उधन्यात बारा बारा तास लूम सांभाळणारा कारागीर. अमळनेरकडचा माणूस, नवागामात एका खोलीचा संसार. अशा माणसानं सुट्टीला झोप काढावी, पत्ते कुटावेत, फार तर व्हिडिओवर सिनेमा बघावा. हे मात्र सकाळीच भाकरी बांधून मगदल्ल्याला तापीच्या काठावर हजर. मला लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते, पण तिचा उपयोग नाही.

हे वेड लागलं एकोणनव्वद साली. वर्षा, त्यांची मुलगी, सहा वर्षांची होती. तिला डुमसचा समुद्र दाखवायचा म्हणून तिघं निघाले आणि वाटेत मगदल्ल्यालाच उतरले. काठावर ठाकोरकाका नावाचा म्हातारा माच्छी होडीचं शीड उतरवत होता. इंजिनाच्या होड्या येऊन जमाना झाला होता, पण काकांनी आपली शिडाची ठेवली होती. दाजींनी विचारलं, ही वाऱ्याच्या उलट कशी जाते? काका म्हणाले, "बेस ने, बतावुं." दाजी बसले. वर्षाला समुद्र दिसला नाहीच, आणि सरलाअक्का ते कधी विसरली नाही.

लूमच्या कारखान्यात वारा चालत नाही. सूत हलतं, तुटतं, म्हणून खिडक्या बंद. त्या कोंदट गरमीत, कान बधिर करणाऱ्या खडखडाटात दाजींनी पंधरा वर्षं काढली होती. डाव्या कानानं त्यांना जवळजवळ ऐकूच येत नसे. तेच नदीवर बसले की पाठीमागून येणारा वारा आधी ओळखायचे. "मानवर समजस," मानेवर हात ठेवून म्हणायचे. रस्त्यानं चालताना त्यांचं लक्ष माणसांकडे नसायचंच. दोरीवरचे कपडे, देवळावरचा झेंडा, मिलच्या धुराड्याचा धूर, यावरून वारा कुठला ते बघायचे. चाळीतले लोक रेडिओवर गाणी लावायचे, दाजी मच्छीमारांसाठीच्या सूचना ऐकायचे. एका वहीत तिथी, भरती, ओहोटी, वारा असं सगळं लिहून ठेवत. मी एकदा म्हटलं, दाजी, परीक्षा कधी आहे? ते हसले आणि त्या दिवशीचा वारा लिहिला.

कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे तिथल्या देवदिवाळीला, काठावरची माणसं शर्यत लावायची. इंजिन काढून ठेवायचं, फक्त शीड. ओहोटी संपता संपता निघायचं, खाडीच्या तोंडाशी रोवलेल्या निशाणाला वळसा घालायचा आणि भरतीबरोबर परत यायचं. दाजी काकांच्या होडीत पाच वर्षं उतरले. एकदा पाचवे आले, एकदा चौथे, बाकी विचारू नये. त्यापायी दिवाळीत गावी जाणं सुटलं. लूम बंद, अर्धं नवागाम खानदेशात गेलेलं, आणि अक्का रिकाम्या चाळीत एकटी चकल्या तळतेय. मी तिच्या बाजूनं भांडायचो. ती म्हणायची, "जाऊ दे रे उखा, तेवढाच जीव रमस त्यास्ना."

पंच्याण्णव साली काकांचे पाय गेले. मुलगे हजिऱ्याच्या कंपनीत लागलेले, त्यांना होडी नको होती. फोडून लाकूड काढू म्हणत होते. काका खाटेवर बसून हटून राहिले. शेवटी चार माणसांसमोर ठरलं की हेमराजनं देवदिवाळीला पहिल्या तिघांत आणली तर होडी राहील आणि तोच ती सांभाळेल. नाही तर फोडायची. दाजींना त्या रात्री ताप भरला, असं अक्का सांगते. त्यांच्या सबंध आयुष्यात त्यांची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होऊ घातली होती.

होडी चांगली होती, शीड गेलेलं होतं. सुती, ठिगळांचं, भिजलं की धोंड्यासारखं जड. दाजींनी ठरवलं की नवं स्वतःच विणायचं. कारखान्याच्या शेठकडे एका बीमवर थोडा ताणा, म्हणजे उभा धागा, उरला होता, जाड पॉलिस्टरचा. त्यानं परवानगी दिली. दाजींनी श्रावण-भाद्रपदातल्या सुट्ट्या त्यात घातल्या. इतकं घट्ट, इतकं सरळ कापड मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि मी कापडातच जन्म काढलाय. मग तो ताका, म्हणजे कापडाचं अख्खं ठाण, सायकलला बांधून ते पलसाण्याला माझ्याकडे आले. म्हणाले, "उखा, नुसतं धुई दे आन गरम हवावर सेट करी दे. वारामा ताणावाले नको. दुसरं काहीच करू नको."

आता माझं काम सांगतो. पॉलिस्टरचं कापड कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात फिरवलं की धागा वरून झिजतो. कापडाचं वजन घटतं आणि ते रेशमासारखं अंगावर पडतं. सुरतेची साडी मऊ लागते ती यामुळे. हे ज्या ड्रममध्ये चालतं, त्यावर मिलमध्ये मीच होतो, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या मालाला व्यापारी हात लावून वाहवा करत. दाजींचा ताका हाताला ताडपत्रीसारखा खरखरीत लागला. मला वाटलं, हे असं परत द्यायचं? त्यांच्या इतक्या मोठ्या दिवसासाठी? लोक म्हणतील, मेव्हणा मिलमध्ये आहे आणि कापड बघा. मी तो साड्यांच्या लॉटबरोबर ड्रममध्ये टाकला. बावीस टक्के वजन उतरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. उलट नको म्हणून सांगितलं होतं.

कापड निघालं ते दुधावरच्या सायीसारखं. दाजींनी घडी उलगडली, तळव्यावर घेतली आणि थांबले.

"इतलं मऊ कसं?"

"सेट करतांना व्हसच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ड्रमवरचा माणूस मी होतो, ते विणणारे होते. त्यांनी मान डोलावली आणि ताका घेऊन गेले. अक्कानं मशीनवर दुहेरी शिवण घालून पट्टे जोडले. शीड इतकं हलकं झालं होतं की वर्षा एकटी उचलायची. दाजी खूश दिसले. मी तर गावभर सांगत सुटलो.

देवदिवाळीला मी पहिल्यांदाच शर्यत बघायला गेलो. आठ होड्या होत्या. दाजी सुकाणूवर, काकांचा पुतण्या जयंती दोरीवर. जाताना ते सहावे होते. निशाणाला वळताना चौथे झाले. परत येताना पश्चिमेचा वारा पाठीशी आला, भरती लागली, आणि ते पांढरं शीड फुगलं. ठाकोरकाका खाटेसकट काठावर आणले होते. ते म्हणाले, "त्रीजो." मग थोड्या वेळानं, "बीजो." दुसरा! मी त्यांचे पाय दाबत होतो. मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता, खोटं कशाला बोलू.

मग झुळूक वाढली आणि शीड मधोमध, वरपासून खालपर्यंत फाटलं. कापड फाटल्याचा आवाज मला शंभर आवाजांत कळतो. पुनवेची भरती तिथं माणसाला उभं राहू देत नाही. शीड गेल्यावर होडी आडवी झाली, आणि पाण्यानं ती नेऊन धक्क्याच्या दगडांवर दोनदा घातली. जयंती उडी टाकून सुटला. दाजी सुकाणू सोडीनात, त्यांना दोघांनी केसाला धरून ओढलं. होडीची एक बाजू पार आत गेली होती.

दाजी भिजलेले, खाटेसमोर उभे. काकांनी फाटक्या शिडाचं टोक हातात घेतलं, अंगठ्यानं ताणलं, ते परत टरकन् गेलं. काका रागावले नाहीत. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "पवननो वांक नथी, हेमराज. वणाट काचुं." वाऱ्याचा दोष नाही, तुझी वीण कच्ची. मी तीन हातांवर उभा होतो. तोंड उघडायचं होतं, आणि मी ते उघडलं नाही. वाटलं, आत्ता नको, घरी गेल्यावर सांगू.

घरी गेल्यावर सांगितलं नाही. आठ दिवसांत काकांच्या मुलांनी होडी फोडली, तेव्हा सांगितलं नाही. दाजींनी लूम सोडून बॉबिन भरायचं काम मागून घेतलं, जे बायका करतात, तेव्हा तरी सांगायला हवं होतं. शेठनं कारण विचारलं तर म्हणाले, हात गेला. वही बंद झाली. रेडिओवर सूचना लागल्या की उठून बटण फिरवायचे. शिडाचा एक तुकडा त्यांनी ट्रंकेत ठेवला होता. रविवारी मी गेलो की ते दाराशी बसून, विणकराची छोटी काच लावून, त्याचे धागे मोजत असायचे. उभे मोजायचे, आडवे मोजायचे. धागे पुरते भरायचे. भरणारच, धागा झिजला होता, संख्या नाही. ते परत पहिल्यापासून मोजायचे. मी चहा पीत बसायचो. तो चहा अक्का मला बशीतून, लहानपणीसारखा द्यायची. मला स्वतःची किळस यायची आणि तरी मी दर रविवारी जायचो.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात ठाकोरकाका वारले. दिवाळीनंतर दाजींनी सुरत सोडायचं ठरवलं. सकाळच्या भुसावळ पॅसेंजरला मी सामान घेऊन गेलो. अक्का आणि वर्षा आत जागा धरायला चढल्या. फलाटावर आम्ही दोघंच राहिलो. पुन्हा हा माणूस एकटा कधी सापडेल, सांगता येत नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. ड्रम, कॉस्टिक, साड्यांचा लॉट.

त्यांनी उजवा कान पुढे केला होता. सगळं ऐकून घेतलं.

"कितला टक्का?"

"बावीस."

ते मनात हिशेब करत होते, ओठ हलताना दिसत होते. "म्हंजे मन्ही वीण पक्की व्हती," ते म्हणाले.

"व्हती, दाजी."

मला वाटलं होतं, मारतील. मारावं असं फार वाटत होतं. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, परत उचलली.

"काका ते गया," ते म्हणाले. "त्याले आते कोन सांगी?"

ते डब्यात चढले आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. गाडी हलली तरी त्यांनी इकडे पाहिलं नाही. खिडकीतून सरलाअक्का मला हात करत राहिली, तिला अजून काहीच माहीत नव्हतं.