घोटी नावाची बिअर

मी घोटी सोडली त्या दिवशी अण्णा, माझे वडील, गिरणीवर गेले होते. सप्टेंबर होता. नवं भात दिवाळीच्या सुमारास यायचं, त्यामुळे त्या दिवसांत आमच्या भातगिरणीला कुलूपच असायचं. तरी सकाळी उठून त्यांनी किल्ल्या घेतल्या, मशीनचा पट्टा बघायचाय म्हणाले आणि निघून गेले. माझी बॅग जीपमध्ये चढवली ती शेजाऱ्यांनी. जीप गिरणीवरून गेली तेव्हा शटर अर्धं उघडं होतं. आतून मशीनचा आवाज काही येत नव्हता.

आई हायवेच्या फाट्यापर्यंत बरोबर आली. उतरताना तिने दशम्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "तिकडं कुणी आपल्याकडचं भेटलं आन् इचारलं, तर औषधाच्या कंपनीचं शिकाया आले म्हण."

१९९८ सालची ही गोष्ट. मी इंग्लंडला बिअर बनवायचं शिक्षण घ्यायला चालले होते.

घोटीत जे मागे राहिले आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना अजून वाटतं की मी औषधं बनवते. ते आधी दुरुस्त करते.

नाशिकच्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती जिल्ह्यातल्याच एका बिअरच्या कारखान्याच्या लॅबमध्ये. पांढरा कोट घालून मी सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट बघायची, कुठली टाकी निरोगी आहे नि कुठली बिघडायला लागली आहे ते सांगायची. मला ते काम मनापासून आवडायचं. यीस्ट जिवंत असतं, त्याला भूक लागते, थंडी वाजते, त्याचा मूड जातो. घरी हे सांगायला गेले की आई विषय बदलायची.

गावात मात्र विषय बदलत नव्हता. पोरगी दारूच्या कारखान्यात जाते, एवढंच लोकांना दिसत होतं. माझ्या मामेभावाने, दिंडोरीच्या विलासदादाने, एक स्थळ आणलं होतं. मुलगा इंजिनिअर, माणसं शिकलेली. बोलणी बरीच पुढे गेली आणि मग मुलाच्या आईने विलासदादाला बाजूला घेऊन विचारलं, मुलगी पिते का? त्याने येऊन ते मला विचारलं, आणि मी खरं सांगणाऱ्यांपैकी. चव घ्यावी लागते, म्हणाले. स्थळ तिथेच मोडलं. विलासदादा आमच्या ओट्यावर बसून अण्णांना म्हणाला, तिला नोकरी सोडायला लावा, मग पुढचं बघू. मी नोकरी सोडली नाही. गाव सोडलं.

शिक्षण झाल्यावर मला काम मिळालं यॉर्कशरमध्ये, हडर्सफील्डजवळच्या डोंगरातल्या एका गावात. लोकरीच्या जुन्या गिरणीत एक लहानशी ब्रुअरी होती. मालकीण मॉरीन. नवरा वारल्यावर तिने ती बंद करावी असं सगळ्यांनी सांगितलं होतं, म्हणूनच बहुधा तिने ती चालू ठेवली होती. मुलाखतीत तिने मला पहिला प्रश्न विचारला, तू पितेस का? मला हसू आलं. ज्या उत्तरापायी घोटीत माझं लग्न मोडलं त्याच उत्तरावर इथे मला नोकरी मिळाली.

पण त्यामुळे इथे सगळं सोपं झालं असं समजू नका. पबमध्ये पिंपं पोचवायला गेले की लोक विचारायचे, जेवण कुणी मागवलंय? हिंदुस्थानी बाई पबच्या मागच्या दाराने आली म्हणजे करी घेऊनच आली असणार. ब्रुअर कुठे आहे, असंही विचारायचे. मी स्वतःकडे बोट दाखवायची. काही जण त्या दिवशी दुसऱ्या ब्रुअरीची बिअर मागायचे.

तिथे मला कळलं की बिअरवरून माणसं किती भांडू शकतात. उत्तरेकडच्यांच्या मते लंडनची बिअर म्हणजे फेस नसलेलं साचलेलं पाणी. लंडनकरांच्या मते उत्तरेकडचे फेस विकतात आणि खाली बिअर कमी देतात. आणि उत्तरेत आपसात यॉर्कशर आणि लँकेशर हे शेजारचे परगणे. मधे एक डोंगर, पण पलीकडची बिअर तोंडात धरवत नाही असं दोन्हीकडचे शपथेवर सांगतील. मला यात नवल वाटलं नाही. घोटीच्या इंद्रायणी तांदळासमोर कुणी मावळच्या इंद्रायणीचं नाव काढलं की अण्णा चहाचा कप खाली ठेवायचे. अशा भांडणात मी लहानाची मोठी झाले होते.

दोन हजार सालानंतर तिकडे नव्या नव्या बिअरचं पेव फुटलं. चॉकलेटची, मधाची, आल्याची, खाजकुयलीसारख्या झोंबणाऱ्या पाल्याची. प्रत्येक लहान ब्रुअरीला काहीतरी वेगळं हवं होतं. एके दिवशी मॉरीन लेबलाचं चित्र घेऊन आली. त्यावर हत्ती, हत्तीवर अंबारी, आणि बिअरमध्ये जिरं नि मिरची. तू बनव, म्हणाली, खपेल.

मी नाही म्हणाले. नोकरी तिची, ब्रुअरी तिची, आणि व्हिसाही तिच्याच सहीवर. तरी नाही म्हणाले. आमच्याकडे कुणी जिरं-मिरची घालून बिअर पीत नाही, आणि घोटीत हत्ती नाहीत. आमच्याकडे तांदूळ आहे, मी तांदळाची बनवते, असं मी सांगितलं. मॉरीनचा चेहरा पडला. तांदूळ म्हणजे मोठ्या कारखान्यांची काटकसर, असं तिकडे मानतात. बिअर मुळात जवाची, पण जव महाग म्हणून तांदूळ मिसळायचा. मी म्हणाले, नाशिककडच्या कारखान्यात तो स्वस्तासाठी घालायचे हे खरं, पण तो वासाचा नव्हता. मला एकदा वासाचा घालून बघू दे.

त्या रविवारी मी अण्णांना फोन केला आणि इंद्रायणी मागितला. कशासाठी तेही सांगितलं.

"तांदूळ जेवाया असतो," अण्णा म्हणाले. "माझ्या गिरणीतनं दारूला तांदूळ जायाचा नाय." आणि फोन आईकडे दिला.

मी ब्रॅडफर्डच्या दुकानातून देहरादूनचा तांदूळ आणला. तांदूळ आधी वेगळा शिजवून घ्यावा लागतो, नाहीतर टाकीत त्याची खळ होते. हे मी नाशिककडच्या कारखान्यातच शिकले होते. थोडा तांदूळ भाजून पिशवीत बांधून शेवटी टाकीत सोडला. बिअर फिकट झाली, हलकी, पिऊन झाल्यावर तोंडात भाताच्या पेजेसारखं काहीतरी राहणारी. मॉरीनने दोन घोट घेतले आणि विचारलं, नाव काय? मी म्हणाले, घोटी. अण्णांना विचारलं नाही. गाव त्यांच्या एकट्याचं नव्हतं.

पबमधल्या नेहमीच्या म्हाताऱ्यांनी तिचं नाव लगेच 'पुडिंग', म्हणजे तिकडची तांदळाची खीर, असं ठेवलं. त्यात सगळ्यात पुढे आल्फ नावाचा एक निवृत्त बसड्रायव्हर होता. ग्लास हातात घेऊन तो चमचा मागायचा.

पुढच्या उन्हाळ्यात डोंगरावरच्या एका गावात दोन्ही परगण्यांच्या बिअरची चढाओढ होती. येणाऱ्यांनी चाखायचं, मत द्यायचं, आणि शेवटी यॉर्कशरची मतं एकीकडे, लँकेशरची एकीकडे मोजायची. मॉरीनने आमच्या इतर बिअरबरोबर घोटीही मांडली. दुपारी लँकेशरचा एक ब्रुअर, डेरेक, आयोजकांना घेऊन आमच्या टेबलापाशी आला. ही बिअर यॉर्कशरच्या खात्यात धरता येणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तांदूळ हिंदुस्थानचा, नाव हिंदुस्थानी, बाई हिंदुस्थानी. यात यॉर्कशर कुठे आहे?

आयोजक घुटमळला. आमच्या बाजूचे लोक, जे इतके महिने पुडिंग म्हणत होते, तेही टेबलापासून मागे सरकले. मॉरीन काहीतरी बोलणार होती, पण मी तिला थांबवलं आणि टेबलाच्या पुढे आले. मी डेरेकच्या बिअरचा ग्लास उचलून त्यातल्या हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा नि गंध देणाऱ्या फुलांचा, वास घेतला.

"यातले हॉप्स अमेरिकेचे आहेत," मी म्हणाले. "मला वासावरून कळतं. मग ही लँकेशरची कशी? माझं पाणी त्या डोंगरातलं आहे, जव यॉर्कशरचे आहेत, आणि मीही आता इथलीच आहे. तांदूळ विकत आणला, तसे तू हॉप्स विकत आणलेस."

डेरेक म्हणाला, ते वेगळं. तेवढ्यात मागून आल्फ पुढे आला.

"ती आमची आहे," तो म्हणाला. "बरी असो, वाईट असो, आमची आहे. तुमच्याकडून नावं ठेवून घ्यायला ती नाही."

लोक हसले, पण आल्फ हसत नव्हता. बिअर आमच्याच खात्यात राहिली. शेवटी मतमोजणीत लँकेशर जिंकलं, आणि डेरेकच्या बिअरला सगळ्यात जास्त मतं पडली. ती चांगलीच होती. पण आमचं घोटीचं पिंप संध्याकाळच्या आतच रिकामं झालं. सहा-सात वर्षं तिथे राहून, भाड्याचं घर घेऊन, त्या लोकांचा उच्चार उचलून मी यॉर्कशरची झाले नव्हते. त्या दिवशी पलीकडच्या माणसाने मला बाहेर काढायचा प्रयत्न केला म्हणून झाले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी घरी आले. नाशिक बदललं होतं. गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनच्या पाट्या लागल्या होत्या. विलासदादाने खायच्या द्राक्षांचा एक तुकडा उपटून वाइनची द्राक्षं लावली होती. त्याने बागेत नातेवाईक आणि शहरातली काही मोठी माणसं बोलावली. पाहुण्यांना तो ग्लास कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा ते शिकवत होता. याच माणसाने मला नोकरी सोडायला सांगितलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, हे बघ, तुझं ते बिअरचं इथं काढू नको, बरं दिसत नाही. मी विचारलं, मग तुझ्या ग्लासात काय आहे? तो म्हणाला, ही वाइन आहे, हे कल्चर आहे.

जेवताना बँकेच्या एका साहेबांनी मी काय करते ते विचारलं. माझ्या आधी अण्णांनी उत्तर दिलं. औषधाच्या कंपनीत हाय.

"नाही अण्णा," मी म्हणाले. "मी बिअर बनवते. माझ्या एका बिअरचं नाव घोटी आहे."

साहेबांनी कौतुकाने ती कशी बनवतात ते विचारलं. अण्णांनी ताट खाली ठेवलं आणि गाडीत जाऊन बसले. मी जागेवरून उठले नाही. साहेबांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देऊनच मी निघाले.

परत येताना विल्होळी गेली, वाडीवऱ्हे आलं. मग पुढच्या सीटवरून, मागे न बघता, अण्णांनी विचारलं, "त्यात तांदूळ कुठला घालती?" मी सांगितलं, देहरादूनचा.

"मंग घोटी कशाला म्हणती?"

"मी घोटीची आहे म्हणून."

"माणसाचं राहू दे," अण्णा म्हणाले. "नाव घोटीचं आन् तांदूळ देहरादूनचा, ही लोकांची फसवणूक झाली."

मी म्हणाले, मी मागितला होता, तुम्ही दिला नाहीत. ते म्हणाले, आजूनबी देणार नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारपेठेतल्या दुसऱ्या गिरणीवर गेले आणि इंद्रायणीची एक गोणी घेतली. कशाला, असं त्यांनी विचारल्यावर बिअर बनवायला, असं चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. दुपारपर्यंत ते सगळ्या पेठेत पसरलं. संध्याकाळी अण्णा घरी आले, चपला न काढताच ओट्यावरच्या गोणीपाशी बसले, शिवण उसवली आणि मूठभर तांदूळ तळहातावर चोळून नाकाशी नेला.

"नवं-जुनं एकत्र केलंय," ते म्हणाले. "याला वास राहतो व्हय?"

हातगाडी बोलावून त्यांनी ती गोणी परत पाठवली. मग स्वतः गिरणीवर जाऊन आपल्या तांदळाची गोणी भरून आणली. ती माझ्यासमोर ठेवताना त्यांनी मला एकदाच बजावलं, "तुझं काम मला पटलंय आसं समजू नको. तांदूळ तेवढा खरा ने."

मी त्यांना पटवायला गेले नाही. काम त्यांना पटावं म्हणून मी ते करत नव्हते. गोणी मात्र घेतली.

त्या तांदळाने बिअरला तो वास आला जो मी इतके दिवस शोधत होते. आल्फने चमचा मागणं बंद केलं. पुढे मुंबईच्या एका एजंटामार्फत गोण्या येऊ लागल्या. मग बर्मिंगहॅममध्ये राहणाऱ्या एका मावळच्या गृहस्थांनी ब्रुअरीत फोन करून मला सुनावलं की मावळचा तांदूळ घातलात तर बिअर याहून चांगली होईल. मी हे अण्णांना सांगितलं. अण्णांनी आजवर बिअरचा थेंब जिभेवर ठेवलेला नाही, पण त्या गृहस्थांना बिअरमधलं काय कळतं, यावर ते फोनवर बराच वेळ बोलले. आई सांगते की आता गिरणीवर कुणी विचारलं तर ते औषधांचं नाव काढत नाहीत. पोरगी बिअर बनवती, म्हणतात, तांदूळ आपला हाय. पटलेलं त्यांना अजूनही नाही. तेही ते सांगतात.

तुम्ही मला विचारता, परत कधी येणार, आणि तिकडचे विचारतात, परत तर जाणार नाहीस ना. दोन्हीकडे कुणी ना कुणी मला ही आपली नाही म्हणून बाजूला काढायला बघितलं आहे, आणि दोन्हीकडे मी जागची हलले नाही. परक्या ठिकाणी माणूस जपून बोलतो, दुसऱ्याचं मन राखतो, आणि भांडण व्हायच्या आत निघून जातो. घोटीत आणि त्या डोंगरातल्या गावात मी जपून बोलणं सोडलं आहे. म्हणून ही दोन्ही घरं माझी आहेत, आणि यातलं एक निवडा असं कुणी सांगितलं तर मी निवडणार नाही.